ईएल३४ (अ‍ॅम्पचे पॉवर वाल्व) बदलल्यात, बायस (आवाज नसताना वाल्वमधून वाहणारा करंट) किती ठेवू?

प्रश्न: बडोद्यात आहे. गिटार अ‍ॅम्पमध्ये ईएल३४ची नवी जोडी टाकलीये, फिक्स्ड बायस (वेगळ्या निगेटिव्ह व्होल्टेजने ठरणारा), प्लेटवर (वाल्वच्या आतल्या पत्र्यावर) ४५० व्होल्ट येतायत. रावपुऱ्यातला दुरुस्तीवाला म्हणतो जुन्याच सेटिंगवर चालू दे. चालेल का?

उत्तर: अजिबात नको भाऊ, जोडी बदलली की बायस बघायचाच. ईएल३४च्या प्लेटची उष्णता सोसायची मर्यादा २५ वॅट, त्याचे ७० टक्के १७.५, भागिले ४५० म्हणजे प्रत्येकी ३९ मिलीअँपिअरच्या आसपास, मी ३५लाच थांबतो, वाल्व टिकतात.

उत्तर: कॅथोडला (वाल्वचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १ ओहम रेझिस्टर असेल तर जितके मिलीव्होल्ट तितकेच मिलीअँपिअर, त्यात स्क्रीनचा (वाल्वमधल्या दुसऱ्या जाळीचा) करंटही आला. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नकोस, आणि बंद केल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात, जिवाशी खेळ नको! प्लेटवर लाल डाग दिसला की लगेच बंद.

प्रश्नकर्ता: एक ३४ दाखवतोय, दुसरा ३७.

उत्तर: चालतंय. अर्ध्या तासाने गरम झाल्यावर परत मोज.