मदत हवी आहे: तीन महिने लोहाची गोळी चालू, तरी आईचं एचबी (हिमोग्लोबिन) ९ च्या पुढे सरकत नाही

गोधडी
आईचं वय ६४, वजन ५५ किलो, पूर्ण शाकाहारी, मधुमेह ११ वर्षांपासून. तीन महिन्यांपूर्वी एचबी ८.९ होतं. तेव्हापासून फेरस ॲस्कॉर्बेट (१०० मिग्रॅ लोह) रोज एक, सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर. परवाच्या रिपोर्टात एचबी ९.१, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८६, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) २०, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ११. क्रिएटिनिन ठीक आहे. बी-१२ तपासलेलं नाही.

बाकी औषधं: मधुमेहाची मेटफॉर्मिन १ ग्रॅम दोन वेळा, थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅम, ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल ४० (तीन वर्षं सलग), ॲस्पिरिन ७५, रात्री कॅल्शियम ५००. गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक, आठवड्यातून दोन-तीनदा.

गोळीचा ब्रँड बदलावा का? सलाइनमधून लोह देतात ते बरं का? आणि संडासला काळं होतं, ते गोळीमुळेच ना?

खलबत्ता
ब्रँड बदलून काही साधणार नाही. गोळीत लोह पुरेसं आहे, पण ते चहावर पडतंय. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि दोघंही तसेच बाहेर जातात. त्यात पॅन्टोप्राझोलने जठरातलं आम्ल कमी केलेलं, आणि लोह शोषायला ते आम्ल लागतं.

वेळा अशा लावून बघा:
सकाळी ६ ला थायरॉइडची गोळी, अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. साडेसातला पॅन्टोप्राझोल. ८ ला चहा-नाश्ता. ११ ला लोह, पाण्याबरोबर किंवा साखर न घातलेल्या लिंबूपाण्याबरोबर. जेवण साडेबाराच्या आधी नको. कॅल्शियम रात्री आहे तिथेच राहू द्या. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत किमान ४ तास हवेतच, नाहीतर लोह त्या गोळीलाही अडवतं आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) उगाच वाढलेला दिसतो.

मळमळ होत असेल तर एक दिवसाआड घ्यायला डॉक्टरांची हरकत आहे का ते विचारा. एक मोठा डोस पोटात गेला की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि पुढचे साधारण २४ तास आतड्याचं दार किलकिलंच राहतं. म्हणून दिवसातून दोनदा गोळी दिल्याने दुप्पट लोह आत जात नाही, बद्धकोष्ठ मात्र वाढतं.

दुकानात ‘पोटाला त्रास न देणारी’ म्हणून हळूहळू विरघळणारी कॅप्सूल पुढे करतात. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीला, आणि ही कॅप्सूल उघडते पुढे जाऊन. त्रास देत नाही कारण फारसं कामच करत नाही.

पॅन्टोप्राझोल मनाने बंद करू नका. ॲस्पिरिन चालू असताना तेच जठराला सांभाळतंय. यादीतून आधी जायला हवं ते डायक्लोफेनॅक. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल चालेल का, विचारून घ्या. ॲस्पिरिनचा निर्णयही हृदयाच्या डॉक्टरांचाच.

काचपट्टी
वेळापत्रकाला अनुमोदन. पण या रिपोर्टात मला एमसीव्ही ८६ खटकतोय. फेरिटिन ११ म्हणजे लोहाचं कोठार रिकामं, मग पेशी लहान व्हायला हव्यात, एमसीव्ही सत्तरीत यायला हवा. तो नॉर्मल दिसतोय आणि आरडीडब्ल्यू २० आहे, म्हणजे लहान आणि मोठ्या पेशींची सरमिसळ असून सरासरी मधोमध पडली असावी. मोठ्या पेशी कशाने? शाकाहार, ११ वर्षांचा मधुमेह, दोन ग्रॅम मेटफॉर्मिन आणि वर पॅन्टोप्राझोल. संशय बी-१२ वर जातो. मेटफॉर्मिन आतड्यातलं बी-१२ चं शोषण कमी करतं, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पुन्हा आम्लच लागतं.

तपासणीला रक्त द्यायच्या आधी बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका, नंतरचा आकडा फुगलेला येतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे पायाला मुंग्या येतात का, तोल जातो का हेही सांगायला हवं.

आता लोहाच्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. फेरस ॲस्कॉर्बेटच्या बहुतेक गोळ्यांत १.५ मिग्रॅ फोलिक ॲसिड असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड देत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. लोहाला महिनाभर उशीर झाला तर फार बिघडत नाही, नसांचं मात्र बिघडतं.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सुद्धा सध्या जपून वाचा. लोह कमी असलं की तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. त्यावरून साखरेच्या गोळ्या वाढवल्या असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

काळ्या संडासबद्दल: लोहाने होते ती हिरवट काळी, बांधलेली. डांबरासारखी चिकट, चकचकीत, उग्र वासाची असेल, भांड्याला चिकटून बसत असेल तर ते जठरातून येणारं रक्त असू शकतं. ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक एकत्र आहेत, त्यामुळे तसं दिसलं, चक्कर आली किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना. तसं नसलं तरी पाळी थांबून वर्षं झालेल्या बाईला लोह कमी पडलं तर ते कुठून झिरपतंय हे शोधावंच लागतं. जठराची आणि मोठ्या आतड्याची, दोन्ही दुर्बिणी. गोळीने एचबी चढलं म्हणून ही तपासणी टाळणं ही यातली सगळ्यात महाग चूक.

गोधडी
संडास बांधलेलीच आहे, हिरवट काळी. पायाला मुंग्या मात्र आहेत, आम्ही त्या मधुमेहाच्याच धरल्या होत्या. पाकिटावर फोलिक ॲसिड १.५ आहे, बी-१२ नाही. उद्या रक्त देतो. सलाइनबद्दल कोणी सांगेल का?

खलबत्ता
मुंग्या असतील तर बी-१२ ला उशीर नको. रक्त दिलं की रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं की इंजेक्शन लगेच सुरू करायचं, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

सलाइनमधून एकूण किती मिग्रॅ लोह लागेल त्याचा हिशोब: वजन × (१५ − एचबी) × २.४ + ५००. तुमच्या आकड्यांनी ५५ × ५.९ × २.४ + ५००, म्हणजे सुमारे १,२८० मिग्रॅ. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १,००० मिग्रॅ, उरलेलं आठवड्याने. ते २५० मिलीपेक्षा जास्त सलाइनमध्ये पातळ करत नाहीत आणि किमान १५ मिनिटांत सोडतात. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण एका वेळी २०० मिग्रॅ, म्हणजे सहा-सात खेपा. दोन्ही नॉर्मल सलाइनमध्येच, ग्लुकोजमध्ये नाही. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. घरी नर्स बोलावून करायचं काम नव्हे. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही, तेव्हा टोचल्या जागी आग झाली की लगेच सांगायचं.

नवीन वेळापत्रकाने चार आठवडे नीट गोळी घेतली तर एचबी साधारण २ ने वाढायला हवं. निम्मंही वाढलं नाही तर सलाइनचा विचार. सलाइननंतर फेरिटिन महिनाभर तपासू नका, खोटं वाढलेलं दिसतं.

शेवगा
धाग्यात घुसतो. बाबांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ चालू आहे, एचबी १०.२. लोह द्यावं का?

काचपट्टी
शेवगा, आधी डबा उघडून बघा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा झोपते. तोंड आलंय, ताप आहे, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट उतरल्यात, यातलं काही असेल तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय. फोलिक ॲसिड ५ मिग्रॅ चालू आहे का आणि ती दुसऱ्या वारी आहे का, तेही बघा. लघवीच्या संसर्गाला कोट्रायमॉक्साझोल लिहून दिली तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं लगेच सांगा, ही जोडी घातक आहे.

लोहाचं म्हणाल तर सांध्यांना सूज असताना फेरिटिन फुगतं. ६० किंवा ८० दिसलं तरी कोठार रिकामं असू शकतं. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेलं जाणारं लोह किती ते सांगणारी तपासणी) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) करून घ्या, मग लोहाचं ठरवू. सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) सगळे आकडे इथे टाका, नुसतं एचबी नको.