'हाऊ आय मेट युअर मदर'चा शेवट : चूक मालिकेची की आमच्या अपेक्षेची?

चंद्रमौळी

रोज रात्री जेवणे आटोपल्यावर दोन भाग, या हिशेबाने मी आणि माझी पत्नी गेले साडेतीन महिने 'हाऊ आय मेट युअर मदर' ही अमेरिकन मालिका पाहत होतो. २००५ ते २०१४ या काळात सीबीएस वाहिनीवर चाललेल्या या मालिकेची नऊ पर्वे आणि २०८ भाग आहेत, त्यामुळे आमचा जीव तिच्यात बऱ्यापैकी अडकला होता. परवा शेवटचा तासाभराचा भाग पाहून संपला आणि आम्ही दोघेही काही न बोलता बसून राहिलो. मग पत्नी एवढेच म्हणाली, "यासाठी जागलो का आपण?" (पुढे शेवट उघड केला आहे. ज्यांना मालिका पाहायची असेल त्यांनी इथेच थांबावे.)

२०३० सालातला टेड मोस्बी आपल्या मुलीला आणि मुलाला सोफ्यावर बसवून त्यांच्या आईची आणि आपली भेट कशी झाली ते सांगतो आहे, अशी मालिकेची रचना आहे. ती आई, म्हणजे ट्रेसी, आपल्याला आठव्या पर्वाच्या अखेरीस पहिल्यांदा दिसते. नववे पर्व जवळजवळ पूर्णपणे टेडचा मित्र बार्नी आणि टेडची जुनी प्रेयसी रॉबिन यांच्या लग्नाआधीच्या दोन-तीन दिवसांत घडते. आणि ज्या लग्नाची तयारी आम्ही वीसेक भाग पाहिली, ते लग्न शेवटच्या भागात तीन वर्षांनी मोडते, तेही काही मिनिटांत. ट्रेसी आजारी पडते, दवाखान्यातल्या खाटेवर दिसते, टेड तिच्याजवळ बसून तिला पुस्तक वाचून दाखवतो, आणि तेवढ्यात ती गेलेलीही असते. मुले म्हणतात, बाबा, ही गोष्ट आईची नाहीच, तुम्हाला रॉबिनमावशी आवडते. आणि टेड निळे फ्रेंच हॉर्न हे वाद्य घेऊन रॉबिनच्या खिडकीखाली जाऊन उभा राहतो.

शेवट दुःखाचा आहे अशी माझी तक्रार नाही, दुःखाचे शेवट मला आवडतात. मला कळत नाही ते असे की, इतकी वर्षे इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या माणसांना हे विसंगत वाटले कसे नाही? की आम्हीच काही भलते अपेक्षित धरून बसलो होतो?

कात्री आणि डिंक

मी काही वर्षे मराठी दैनंदिन मालिकांच्या संकलनाचे काम केले आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाकडे थोडे कारागिराच्या नजरेने पाहतो.

आपण ज्याला विसंगती म्हणता तिचे कारण बरेचसे व्यावहारिक आहे. टेडच्या मुलांच्या तोंडी असलेला तो शेवटचा प्रसंग २००६ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पर्वाच्या वेळीच चित्रित करून ठेवला होता. गोष्ट सांगितली जाते ती एकाच बैठकीत. मुले मात्र खऱ्या आयुष्यात वाढणार, त्यांचे चेहरे आणि आवाज बदलणार, म्हणून कार्टर बेज आणि क्रेग थॉमस या निर्मात्यांनी ही तजवीज केली. त्या वेळी ती शहाणपणाचीच होती. मालिका दोन-तीन पर्वांत संपली असती तर रॉबिनकडे परत जाणारा तो शेवट चपखल बसला असता आणि आज आपण त्याच्या कारागिरीचे कौतुक करत असतो.

पण मालिका नऊ पर्वे चालली. मधल्या काळात टेड-रॉबिन हे प्रकरण लेखकांनीच अनेकदा मिटवले, बार्नीला माणसात आणले आणि ट्रेसीच्या भूमिकेसाठी क्रिस्टिन मिलिओटीसारखी अभिनेत्री निवडली. मालिकेचा दोनशेवा भाग आठवून पाहावा. तो सगळाच्या सगळा ट्रेसीच्या बाजूने सांगितला आहे. त्यात ती आपल्या मरण पावलेल्या प्रियकराचा मनोमन निरोप घेते, बाल्कनीत युकुलेली घेऊन गाते, आणि शेजारच्या बाल्कनीतला टेड तिला न पाहता नुसते ऐकत राहतो. हा भाग लिहून झाल्यावर डब्यातला तो जुना प्रसंग खरे तर बाजूला ठेवायला हवा होता. संकलनात आम्हाला हे नेहमी भोगावे लागते : एखादे दृश्य फार मेहनतीने मिळवलेले असते, आता ते बसत नाही हे दिसत असते, आणि तरी ते कापायला हात धजावत नाही.

मालिकेच्या डीव्हीडी संचात एक पर्यायी शेवट दिला आहे, तो जरूर पाहावा. त्यात गोष्ट रेल्वे फलाटावर, पावसात, पिवळ्या छत्रीखाली थांबते. पुष्कळशी दृश्ये तीच आहेत, फक्त शेवटचा तुकडा काढलेला आहे.

उंबरठा

आपल्याकडे नेमके उलटे होते असे माझे निरीक्षण आहे. तिथे शेवट आठ वर्षे आधी डब्यात बंद करून ठेवला होता. आपल्याकडे तो आठ दिवस आधीही कुणाला ठाऊक नसतो.

'तुला पाहते रे' आमच्या घरी अगदी भक्तिभावाने पाहिली जात असे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली तेव्हा वयाने मोठा, कर्तबगार विक्रांत सरंजामे आणि चाळीतली ईशा निमकर यांची ती सरळ प्रेमकथा होती. माझ्या सासूबाई एरवी अशा जोडप्यांवर काय बोलल्या असत्या ते मी इथे लिहीत नाही, पण सुबोध भावे यांच्यासाठी त्यांनी वयातले अंतर माफ केले होते. मग विक्रांत खलनायक निघाला, पहिल्या पत्नीचा, राजनंदिनीचा खून उघड झाला आणि ईशा म्हणजेच राजनंदिनीचा पुनर्जन्म असल्याचे कळले. २०१९ च्या जुलैमध्ये विक्रांतच्या मृत्यूने मालिका संपली. सासूबाईंनी शेवटचा भाग पूर्ण पाहिला, दूरचित्रवाणी बंद केली आणि म्हणाल्या, "म्हणजे पहिले सहा महिने मी दुसऱ्याच कुणाचं लग्न ठरवत होते."

मला वाटते, त्यांची नाराजी विक्रांत मेला म्हणून नव्हती. ज्या माणसावर त्यांनी जीव लावला, तो माणूस अस्तित्वातच नव्हता असे त्यांना नंतर सांगण्यात आले, याचा त्यांना राग होता. आधीच्या भागांत त्याच्या लबाडीची दोन-चार बारीक चिन्हे पेरलेली त्यांना आठवली असती, तर कदाचित त्या स्वतःच्या भाबडेपणावर हसल्या असत्या.

कात्री आणि डिंक

उंबरठा यांच्या म्हणण्याला थोडी पुस्ती जोडतो. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या व्यक्ती लिहितात. दर गुरुवारी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात, आणि आकडा घसरला की चालू असलेला ट्रॅक गुंडाळून दुसरा सुरू होतो. बँक, म्हणजे पुढच्या भागांचा तयार साठा, मी काम केलेल्या एका मालिकेत कधी दोन दिवसांचाच असे. सकाळी चित्रित झालेले दृश्य रात्री माझ्या पडद्यावर येई. ती मालिका बंद होणार हे कळल्यावर चार महिन्यांसाठी योजलेली कथा बारा भागांत बसवावी लागली. एका पात्राला परदेशी पाठवले, एकाला फोनवरच सुधारले, आणि शेवटच्या भागात सगळे कुटुंब देवघरासमोर उभे करून छायाचित्र काढले. तो भाग मीच जोडला आहे. त्याबद्दल प्रेक्षकांनी जे लिहिले ते मी वाचले होते आणि त्यातले बहुतेक मला मान्य होते.

माड आणि पोफळी

सर्व दोष ऐनवेळी ठरवण्याला देणे मला पटत नाही. 'रात्रीस खेळ चाले'ची पहिली दोन पर्वे शेजारी ठेवून पाहावीत.

२०१६ चे पहिले पर्व रहस्यावर उभे होते. अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरुवात, आकेरीचा तो वाडा, रात्री साडेदहाची वेळ, आणि आमच्या घरात मालवणी बोलली जात असल्यामुळे पांडूचे प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी न्याहारीला पुन्हा म्हटले जाई. आठ महिने भुताची भीती घालून ऑक्टोबरमध्ये सगळ्यामागे माणसाचाच हात निघाला, तेव्हा आमच्याकडे निराशा पसरली. (नाव लिहीत नाही; अजून कुणी पाहणार असेल.) माझे काका म्हणाले, "माणूसच हुतो तर इतके दिवस भियालंव कशाक?"

२०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व मात्र त्याआधीच्या काळातले होते. अण्णा मरणार हे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला माहीत होते, रहस्य म्हणून काही शिल्लकच नव्हते. तरीही अण्णा आणि शेवंता यांच्यासाठी लोक रोज बसत, कारण आता प्रश्न 'कोण' हा नसून 'कसे' हा होता, आणि शेवट ठाऊक असल्यामुळे अण्णांची प्रत्येक मुजोरी अधिकच बोचत असे. म्हणजे शेवट आधी ठरल्याने मालिका बिघडतेच असे नाही. तो प्रेक्षकापासून लपवून ठेवायचा असेल तर मात्र मधल्या वाटेवर फार सांभाळून चालावे लागते.

जाता जाता : २०१२ मधली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' जानेवारीत सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपली. घना आणि राधाच्या खोट्या लग्नाचे खरे लग्न होणार हे कुणालाही पहिल्या आठवड्यात कळले असते, आणि त्या शेवटाबद्दल आमच्याकडे कुणी एक शब्दही वाईट बोलले नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो, म्हणून 'द सोप्रानोज'चा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १० जून २००७ रोजी एचबीओवर तिचा शेवटचा भाग लागला. माफिया टोळीचा म्होरक्या टोनी, त्याची पत्नी कार्मेला आणि मुलगा एका साध्या उपाहारगृहात बसले आहेत, टेबलावर कांद्याच्या भज्यांसारखी तळलेली कडी आली आहेत, मुलगी बाहेर गाडी लावण्याच्या खटपटीत आहे, दार उघडल्याची घंटा वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा होतो. आवाज नाही, संगीत नाही. पुष्कळ लोकांना केबल गेली असे वाटले. मीही उठून मागची वायर हलवून पाहिली होती.

त्या रात्री मी संतापलो होतो. आज तोच शेवट मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्या क्षणापर्यंत आपणही टोनीसारखेच दार उघडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहू लागलेलो असतो. ते उपाहारगृह ब्लूमफिल्डमध्ये आहे आणि पाहुणे आले की मी त्यांना तिथे आइस्क्रीम खायला नेतो. ज्या बाकावर ते कुटुंब बसले होते तो २०२४ मध्ये लिलावात ८२ हजारांहून अधिक डॉलरना विकला गेला. रागावलेल्या प्रेक्षकांच्या बाबतीत एवढे लक्षात घ्यावे की माझे मत बदलायला तीन-चार वर्षे लागली आणि मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागली.

चंद्रमौळी

सर्वांचे आभार. काल रात्री हडसनकाठ यांच्या सांगण्यावरून आम्ही पुन्हा पहिला भाग लावला. टेड एका उपाहारगृहातून ते निळे हॉर्न रॉबिनसाठी पळवतो तो हाच भाग. तो संपता संपता म्हातारा टेड मुलांना म्हणतो की अशी माझी आणि तुमच्या रॉबिनमावशीची भेट झाली. साडेतीन महिन्यांपूर्वी आम्ही या वाक्याला गंमत समजून हसलो होतो. या खेपेला पत्नीने तिथे भाग थांबवला आणि मागे नेऊन ते वाक्य पुन्हा ऐकले.

म्हणजे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, हे मान्य करतो. दवाखान्यातला प्रसंग मात्र इतका आखूड ठेवल्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही. पर्यायी शेवट शनिवारी पाहणार आहोत. त्यानंतर नवी मालिका सुरू करायची की नाही यावर घरात अद्याप एकमत नाही.