मदत हवी आहे: जुन्या ग्रंथालय प्रणालीतील सूचनांच्या चौकटी वाचता येत नाहीत

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे. देवघेवीसाठी २००६ च्या सुमारास एका स्थानिक प्रोग्रामरकडून करून घेतलेली प्रणाली आम्ही अजूनही वापरतो. त्या गृहस्थांनी हे काम केव्हाच सोडले असून मूळ कोड आमच्याकडे नाही. गेल्या महिन्यात विंडोज ७ असलेला संगणक बंद पडला, म्हणून प्रणाली विंडोज १० असलेल्या संगणकावर हलवली आणि तेव्हापासून अडचण सुरू झाली.

या प्रणालीत कोणत्याही रकान्यावर माउस नेला की एक छोटी चौकट उमटते आणि तिथे काय भरायचे ते मराठीत सांगते. 'दाखल क्रमांक' या रकान्यावर, उदाहरणार्थ, 'दाखल नोंदवहीतील क्रमांक लिहा, पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक नव्हे' अशी सूचना येत असे. ती लिहिणाऱ्याने देवघेवीच्या टेबलाशी बसून आमच्या चुका पाहिल्या असणार, असे मला नेहमी वाटते. नवीन कर्मचाऱ्याला शिकवायला आमच्याकडे वेगळे कोणी नाही. या चौकटीच शिकवतात.

आता त्याच चौकटीत इंग्रजी अक्षरे, डोक्यावर टोप्या असलेले स्वर, कंस आणि टक्क्याची खूण यांची भेळ दिसते. प्रणालीचा जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट मी नव्या संगणकावर बसवलेला आहे आणि रकान्यांची नावे, बटणे व छापील पावती यांतले मराठी व्यवस्थित दिसते. बिघाड फक्त चौकटींतच आहे.

दुसरी तक्रार जुनीच आहे. देवघेवीवर बसणाऱ्या बाईंना चष्मा सावरून वाचायला वेळ लागतो आणि वाक्य अर्धे होते न होते तोच चौकट नाहीशी होते.

एफ-वन दाबल्यावर उघडणाऱ्या मदतपुस्तिकेत डावीकडे अनुक्रमणिका आणि उजवीकडे कोरे पान दिसत होते, परंतु तो प्रश्न सुटला. ती सीएचएम (विंडोजच्या जुन्या मदतपुस्तिकांचा प्रकार) फाइल नेटवर्कवरील सामाईक फोल्डरमधून उघडत होतो आणि २००५ च्या सुरक्षा सुधारणेपासून विंडोज अशा फाइलींची पाने दाखवत नाही. फाइल याच संगणकाच्या डिस्कवर घेतली, गुणधर्मांत जाऊन 'अनब्लॉक' केली, तरीही पान कोरेच राहिले. शेवटी फोल्डरच्या नावातील # हे चिन्ह काढल्यावर पुस्तिका उघडली. त्या एका चिन्हापायी माझे दोन दिवस गेले.

चौकटींवर काही उपाय असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद:

रकान्यांसाठी कोणता फॉन्ट वापरायचा हे तुमच्या प्रणालीत लिहिलेले असणार, पण माउसखालच्या चौकटी बहुधा विंडोजचा स्वतःचा फॉन्ट घेतात. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की तुम्ही वर्णन केलेली भेळ होते. विंडोज ७ मध्ये 'विंडो कलर अँड अपिअरन्स' या पटलावरून टूलटिपचा, म्हणजे अशा चौकटींचा, फॉन्ट निवडता येत असे. तुमच्या जुन्या संगणकावर तो कोणीतरी तेथून बदललेला असावा. विंडोज १० मध्ये ते पटल नाही, मात्र त्यामागची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, अजून आहे. तिचे नाव 'स्टेटसफॉन्ट', आणि ती चौकटींना व खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीला लागू होते. ती बायनरी स्वरूपात असल्याने हाताने बदलू नका. 'विनेरो ट्वीकर' या मोफत साधनातून स्टेटसबारसाठी (तीच तळाची पट्टी) तुमचा जुना मराठी फॉन्ट निवडा आणि साइन आउट करून पुन्हा आत या.

धोका असा की नंतर इतर प्रोग्रामांच्या इंग्रजी सूचना अगम्य देवनागरीत दिसू लागतील. परंतु ही नोंद प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र असते, म्हणून देवघेवीसाठी विंडोजमध्ये वेगळे खाते काढा आणि बदल तेवढ्याच खात्यात करा.

चौकट किती वेळ टिकते हे, प्रोग्रामरने वेगळी वेळ ठरवून दिली नसेल तर, माउसच्या डबल-क्लिकच्या वेगावर ठरते. तो मूळचा ५०० मिलिसेकंद असतो आणि चौकट त्याच्या दहापट, म्हणजे ५ सेकंद राहते. माउसच्या सेटिंगमध्ये डबल-क्लिक सर्वांत संथ, म्हणजे ९०० मिलिसेकंद केल्यास ९ सेकंद मिळतील. चौकट उमटायलाही त्यामुळे थोडा जास्त वेळ लागेल.

धागाकर्त्याचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. 'देवघेव' नावाचे खाते काढून तुम्ही सांगितल्याप्रमाणे बदल केले आणि 'वर्गांक नव्हे' हे शब्द पुन्हा दिसले. बाईंनी सूचना मोठ्याने वाचून दाखवली. ती संपल्यावरही चौकट क्षणभर जागेवर होती. त्या खात्यातून माझा पत्रव्यवहार उघडायला गेलो, तेव्हा मात्र प्रत्येक बटणावर निरर्थक जोडाक्षरे उमटली, त्यामुळे माझे काम आता माझ्याच खात्यातून करतो.