अबू सईद चौधुरींवर 'संधिसाधू' हा शिक्का मारण्याआधी १९७१ वाचा

पद्मातीर
काल इथे कोणीतरी बांगलादेशच्या राष्ट्रपतींची यादी टाकली आणि अबू सईद चौधुरींपुढे एवढंच लिहिलं : "हायकोर्टाचा न्यायाधीश. मुजीबनी राष्ट्रपती केलं, मुजीबचा खून झाल्यावर खुन्यांच्या मंत्रिमंडळात. संधिसाधू." (मुजीब म्हणजे बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीबुर रहमान.) खाली पंचवीस जणांनी माना डोलावल्या. वाचून डोकं फिरलं.

मार्च १९७१ मध्ये, बांगलादेश अजून पूर्व पाकिस्तान असताना, हा माणूस न्यायमूर्ती तर होताच, शिवाय ढाका विद्यापीठाचा कुलगुरू. वडील पूर्व पाकिस्तान विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले, टांगाइलकडचं जमीनदार घराणं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाच्या बैठकीसाठी जिनिव्हाला गेलेले असताना विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्याची बातमी आली. तिथूनच कुलगुरुपदाचा राजीनामा पाठवला, तोही पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात केलेल्या २५ मार्चच्या कत्तलीच्या आधी! पुढे लंडनमध्ये राहून मुजीबनगर सरकारचे, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या हंगामी बांगलादेश सरकारचे, विशेष दूत झाले. ब्रिटनमधल्या बंगाली समित्या आपसात भांडत होत्या, त्यांना एकत्र धरून ठेवण्याचं किचकट काम यांच्या वाट्याला आलं. २७ ऑगस्टला नॉटिंग हिल गेटजवळ पेम्ब्रिज गार्डन्समध्ये बांगलादेशची कचेरी उघडली तेव्हा जगातल्या एकाही देशाने बांगलादेशला मान्यता दिलेली नव्हती. भारताचीसुद्धा ६ डिसेंबरला आली. यात संधी कुठे दिसली तुम्हाला?

कोकणकडा
ती ओळ माझीच, आणि शब्द मागे घेणार नाही. १९७१ ची पुण्याई १९७५ ला पुरत नाही. १५ ऑगस्टला मुजीब, त्यांची बायको, तिन्ही मुलगे मारले गेले, धाकटा रसेल दहा वर्षांचा. मुजीबच्याच मंत्रिमंडळातला खोंदकार मोश्ताक राष्ट्रपतीच्या गादीवर बसला आणि चौधुरी त्याचे परराष्ट्रमंत्री झाले. आधीचे परराष्ट्रमंत्री कमाल हुसेन परदेशात होते, ते मोश्ताककडे गेले नाहीत. म्हणजे नाही म्हणता येत होतं. १९७१ च्या सरकारचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद तर तुरुंगात गेले आणि ३ नोव्हेंबरला ढाका जेलमध्ये त्यांना आणि आणखी तीन नेत्यांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना अभय देणारा वटहुकूम २६ सप्टेंबरचा. तेव्हा हे न्यायमूर्ती मंत्रिमंडळात होते. कायदा कळणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळला नसेल?

पद्मातीर
कमाल हुसेन बाहेर होते हेच तर महत्त्वाचं आहे. चौधुरी ढाक्यात होते, रस्त्यावर रणगाडे. मुजीबच्या मंत्रिमंडळातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी शपथ घ्यावी लागली. पुण्यात खुर्चीवर बसून शौर्य दाखवणं सोपं आहे.

कोकणकडा
पहिल्या दिवसाची शपथ समजू शकतो. नोव्हेंबरपर्यंतचं काय? परराष्ट्रमंत्र्याला विमानाने परदेशी जाता येतं. राजीनामा परदेशातून पाठवायची सवय त्यांना होती, तुम्हीच वर सांगितलंत.

वऱ्हाडी वकील
तुम्ही दोघं माणसाच्या चारित्र्यावर भांडताय, मूळ रोग वेगळा आहे. न्यायाधीशाला राष्ट्रपती करूच नये. बांगलादेशाची यादी बघा : चौधुरी १९७२, सायेम १९७५, सत्तार १९८१, अहसानुद्दीन चौधुरी १९८२, शहाबुद्दीन अहमद १९९०. लष्कराला प्रतिष्ठा उसनी हवी असते आणि ती कोर्टात मिळते. सायेम सरन्यायाधीश होते, त्यांना राष्ट्रपती करून सत्ता लष्करप्रमुख झियांनी (झियाउर रहमान) चालवली आणि एप्रिल १९७७ मध्ये घरी पाठवलं. सत्तारांना लष्करप्रमुख इर्शादने उलथवलं आणि तीन दिवसांत दुसरा माजी न्यायाधीश आणून बसवला.

आपल्याकडेही तेच दुखणं. सेटलवाडांच्या विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं की निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी नेमणूक घेऊ नये. त्या आयोगात छागला होते. आणि त्याच वर्षी मुंबईचं मुख्य न्यायाधीशपद सोडून अमेरिकेत राजदूत कोण झालं? छागलाच.

ध्रुवपद
छागलांना मध्ये ओढू नका. अकरा वर्षं मुंबई हायकोर्ट ज्या शिस्तीने चालवलं तसं नंतर कोणी चालवलं ते सांगा. मंत्रिपद तत्त्वासाठी सोडलं १९६७ मध्ये. तुमचे नागपूरचे हिदायतुल्ला नाही दिसले?

वऱ्हाडी वकील
हिदायतुल्लांचं नाव घ्याल तर पूर्ण घ्या. नागपूरच्या बारमधून वर आलेला माणूस, १९५४ मध्ये तिथेच मुख्य न्यायाधीश. १९६९ मध्ये कार्यवाहक राष्ट्रपती वि. वि. गिरींनी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश म्हणून कायद्याने राष्ट्रपतिपदाची जबाबदारी त्यांच्यावर आली, मागायला गेले नव्हते. महिनाभर राष्ट्रपती भवनात राहून कोर्टात परतले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला संमती त्यांच्याच सहीने मिळालेली, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला तेव्हा त्या खंडपीठावर ते नव्हते. मर्यादा याला म्हणतात.

ध्रुवपद
आणि १९७९ चं उपराष्ट्रपतिपद? तेही कायद्याने अंगावर पडलं का?

वऱ्हाडी वकील
बिनविरोध निवड होती. पण हो, न घेते तर माझा मुद्दा जास्त भक्कम झाला असता, एवढं धरून चला.

सांगलीकर काकू
राष्ट्रपती-राजदूतांचं राहू द्या. आमच्या सासरच्या जमिनीचा दावा ऐकून झाला, निकाल राखून ठेवला, आणि निकाल न देताच साहेब निवृत्त झाले. महिन्याभरात कुठल्याशा लवादावर नेमणूक, गाडी दाराशी. आमचं बोर्ड पुन्हा पहिल्यापासून. सासरे तारखा मोजत गेले. मरायच्या आदल्या आठवड्यात उशाखालून सातबाऱ्याचा कागद काढून मला म्हणाले, "सूनबाई, पुढची तारीख लिहून ठेव." न्यायाधीश निवृत्तीनंतर कुठे जाणार याची काळजी करणारे खूप. आमच्या तारखेची काळजी कुणाला?

पद्मातीर
काकू, वाईट वाटलं वाचून. पण त्याचा चौधुरींशी काय संबंध?

सांगलीकर काकू
संबंध हाच की पुढची खुर्ची दिसायला लागली की समोरचा माणूस दिसेनासा होतो. मग तो ढाक्यात असो की इथे.

कोकणकडा
काकूंनी एका ओळीत सांगितलं.

पद्मातीर
मग शहाबुद्दीनांचं काय कराल? १९९० मध्ये इर्शाद गेल्यावर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांना मान्य होणारा एकच माणूस सापडला, सरन्यायाधीश. निवडणूक घेतली, आणि परत कोर्टात जाता यावं म्हणून अकरावी घटनादुरुस्ती करावी लागली. तेवढ्याच अटीवर आले होते ते.

वऱ्हाडी वकील
आणि त्या यशाची नक्कल करून १९९६ मध्ये नियम केला की निवडणूक घेणाऱ्या काळजीवाहू सरकारचा प्रमुख शेवटचा निवृत्त सरन्यायाधीश असेल. त्यानंतर सरन्यायाधीश कोण, कधी निवृत्त होतो, याचा हिशेब पक्ष करू लागले. २००४ मध्ये निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ केलं, त्यावरून २००६ मध्ये रस्त्यावर रक्त सांडलं, जानेवारी २००७ मध्ये आणीबाणी. एका सज्जनाच्या जोरावर व्यवस्था उभी केली की असं होतं.

पद्मातीर
हा मुद्दा मान्य करावा लागतोय. पण तो व्यवस्थेबद्दल आहे, चौधुरींबद्दल नाही. माझे मामा १९७१ मध्ये लंडनला नोकरीत होते, १ ऑगस्टच्या ट्रॅफल्गर चौकातल्या सभेला गेले होते. ते सांगायचे, भोवती हजारो माणसं रडत-ओरडत होती आणि हा गृहस्थ कोर्टात बोलावं तसं आवाज न चढवता बोलत होता. पाकिस्तानी वकिलातीतला एक अधिकारी त्याच सभेत नोकरी सोडून बांगलादेशच्या बाजूने उभा राहिला. अशी माणसं कुणाच्या भरवशावर घरदार पणाला लावत होती?

कोकणकडा
लंडनचे ते महिने दिले तुम्हाला. राष्ट्रपतिपदही दिलं, डिसेंबर १९७३ मध्ये स्वतः सोडलं तेही दिलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९७५ देणार नाही. आणि १९८५ मध्ये ते त्याच मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मुजीबचे मारेकरी मोकळे होते, काही तर बांगलादेशच्या वकिलातींत नोकरीला. ढाका जेलमधल्या चौघांच्या घरच्यांना काय वाटलं असेल?

पद्मातीर
त्या वकिलातींतल्या नेमणुका चौधुरींच्या सहीच्या नव्हत्या. त्या झियांच्या काळातल्या. निदान तेवढं तरी त्यांच्या नावावर घालू नका.

कोकणकडा
घालत नाही. 'संधिसाधू' मात्र राहील.