विमान ‘कोसळलं’ की डोंगराला ‘धडकलं’?

शुक्रवारपेठी: 12 जानेवारी 1962 ला अमेरिकी नौदलाचं नेपच्यून विमान आइसलंडच्या केफ्लाविकहून निघालं, ते परतलंच नाही. 1966 मध्ये ग्रीनलंडच्या क्रोनबोर्ग हिमनदीवर ते भूगर्भशास्त्रज्ञांना सापडलं. बाराच्या बारा जण गेले होते. याबद्दलचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना दोन ठिकाणी अडलंय. ‘पॅट्रोल एअरक्राफ्ट’ला मी ‘टेहळणी विमान’ लिहिलं, संपादकांनी ‘गस्ती विमान’ केलं. आणि ‘क्रॅश’ म्हणजे दर वेळी ‘कोसळलं’च का?

बुरूजवाला: संपादक बरोबर. गस्त ही फारसी ‘गश्त’, म्हणजे फिरणं. टेहळणी बुरुजावर उभं राहून करतात. नेपच्यून ठरलेल्या पट्ट्यात फेऱ्या मारायचं. शेपटीमागे लांब दांडा, त्यात पाणबुडीच्या लोखंडाने चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपणारं यंत्र. हा फरक दुरून कळत नाही, म्हणून पाण्यावरून काहीशे फुटांवरून उडायचं.

रूढीप्रिय: आपल्या नौदलाच्या पी-8आयला सगळी वर्तमानपत्रं ‘टेहळणी विमान’च म्हणतात. बुरूज कधीच सुटला त्या शब्दातून. व्युत्पत्ती काढून वाचकाला शिक्षा कशाला?

बुरूजवाला: मग तटरक्षक दलाच्या ‘गस्ती नौके’ला उद्यापासून ‘टेहळणी नौका’ म्हणा.

उंचीमापक: दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. दरड कोसळते, इमारत कोसळते, पाऊस कोसळतो. आधार सुटला की वस्तू कोसळते. डोंगराळ भागातल्या कितीतरी अपघातांत इंजिनं चालू असतात, पंख शाबूत असतात, वैमानिक शुद्धीत असतो आणि समोर ढगात कडा असतो. याला इंग्रजीत ‘कंट्रोल्ड फ्लाइट इन्टू टेरेन’ म्हणतात. ‘नियंत्रित उड्डाण’ असं भाषांतर केलं तर वाचकाला वाटेल, मुद्दाम नेऊन आदळलं.

ओंकारेश्वर: ‘बेसावध धडक’ कसं वाटतं?

उंचीमापक: छान आहे, पण सगळा दोष वैमानिकाच्या गळ्यात जातो. 15 मार्च 2012, उत्तर स्वीडन. नॉर्वेच्या हवाई दलाचं सी-130जे मालवाहू विमान केबनेकाइसे पर्वताच्या पश्चिम कड्यावर आदळलं, पाच जण गेले. नियंत्रकाने फ्लाइट लेव्हल 70 पर्यंत उतरायची परवानगी दिली होती. म्हणजे 1013 हेक्टोपास्कल दाब धरून 7000 फूट. पर्वताचा माथा सुमारे 2100 मीटर, म्हणजे जेमतेम 6900 फूट. कागदावर शंभर फूट सुटतात. नियम सांगतो, डोंगराळ भागात सर्वात उंच माथ्याच्या वर 2000 फूट ठेवा.

रूढीप्रिय: सुटले ना शंभर, मग आदळलं कसं?

उंचीमापक: कारण आपल्याकडे ‘उंची’ हा एकच शब्द आहे. समुद्रसपाटीपासून उंची, खालच्या जमिनीपासून उंची आणि विमानातल्या उंचीमापकाच्या काट्यावरची उंची, तिन्ही वेगळ्या. काटा हवेचा दाब मोजतो. एका हेक्टोपास्कलमागे सुमारे 28 फूट. काटा 1013 वर लावलाय आणि समुद्रसपाटीचा खरा दाब 983 आहे, तर विमान काट्यापेक्षा आठशे-साडेआठशे फूट खाली. त्यात थंडी: प्रमाणित तापमानापेक्षा दर 10 अंश कमी असेल तर आणखी सुमारे 4 टक्के खाली. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडे दोन्ही एकदम होतं.

ओंकारेश्वर: रेडिओ लहरींनी जमिनीपर्यंतचं अंतर मोजणारा रेडिओ उंचीमापक असतो की.

उंचीमापक: तो पोटाखाली बघतो, नाकासमोर नाही. समुद्र संपून कडा सुरू झाला की आकडा धाडकन घसरतो, तोवर उशीर झालेला असतो. ताशी 300 किलोमीटर वेगाने, 30 अंश कललेलं विमान पूर्ण उलटं वळायला सुमारे अडीच किलोमीटर रुंदी खातं. अरुंद घळीत वळताच येत नाही.

घाटवाटा: घळ नाही, नाळ म्हणा, डोंगरातली चिंचोळी खाच. घळ म्हणजे गुहासुद्धा.

बुरूजवाला: नाळेतून माणूस चढून जातो. विमान अडकतं ती कोंडलेली दरी.

शुक्रवारपेठी: तर मग शीर्षकात ‘धडकलं’ करू?

रूढीप्रिय: ‘धडकलं’मध्ये कारण आलं. बातमीच्या पहिल्या दिवशी कारण कुणालाच ठाऊक नसतं. 3 जून 2019 ला आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 विमान आठ दिवस सापडलंच नव्हतं. तोवर ‘बेपत्ता’ हाच खरा शब्द. अवशेष दिसल्यावर ‘कोसळलं’, चौकशी झाल्यावर ‘धडकलं’.

घाटवाटा: 7 जुलै 1962 ला जुन्नरजवळ अलितालिया या इटालियन कंपनीचं डीसी-8 प्रवासी विमान असंच डोंगरावर गेलं. मुंबईला उतरायच्या आधीच खाली आलं होतं, 94 जण होते. तिथे ‘धडकलं’च.

ओंकारेश्वर: आणि अवशेषांना ‘मलबा’ कृपया नको. हिंदी आहे.

रूढीप्रिय: मग ‘राडारोडा’ लिहा, महापालिका उचलून नेईल.

बुरूजवाला: यंत्राचा ‘सांगाडा’, माणसांचे ‘पार्थिव अवशेष’. दोन्हींना नुसतं ‘अवशेष’ लिहू नका, वाचक गोंधळतो. आणि हिमनदीवर काही ‘पडून’ राहत नाही. बर्फ उताराकडे सरकतो, सांगाडा चिरडतो, गाडतो, मग खालच्या टोकाशी बाहेर टाकतो. 7 फेब्रुवारी 1968 ला हिमाचलात रोहतांगजवळ हरवलेल्या हवाई दलाच्या एएन-12 विमानातल्या 102 जणांपैकी पहिला देह 2003 मध्ये ढाका हिमनदीवर मिळाला, 2024 मध्ये आणखी चार. तिथे ‘सापडले’पेक्षा ‘बर्फातून वर आले’ लिहावं.

घाटवाटा: वर नाही, खाली आले.