मदत हवी आहे: बडोदे महानगरपालिकेची निवडणूक आणि धाकट्याच्या जन्मतारखेचा घोळ

नमस्कार. मी बडोद्यात कारेलीबागेत राहते, माहेर जळगाव. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही बायकांनीच वर नेलं. तेव्हापासून गटारं आणि नळासाठी वॉर्ड ऑफिसचे खेटे मीच घालते आहे. आता सोसायटीतल्या बायका म्हणतात, या वेळी तुम्हीच उभ्या राहा. मलाही मनापासून उभं राहायचं आहे, अपक्ष. पण तीन गोष्टींवर अडले आहे.

मला तीन मुलं. पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, "तू बादच, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं की संपलं." इथे चौकशी केली तर गुजरातची तारीख वेगळी निघाली, ४ ऑगस्ट २००६. माझा धाकटा ११ जून २००६ चा, म्हणजे मी त्यात बसते. पण त्याच्या शाळेच्या दाखल्यावर दिवस आणि महिना उलटे पडले आहेत, ६-११-२००६. आधार कार्डही त्यावरूनच निघालं. छाननीच्या वेळी कोणी तो दाखला पुढे केला तर?

दुसरं, यजमानांचा मंडपाचा धंदा आहे. महापालिकेच्या कार्यक्रमांचे मंडप आम्ही घालतो. फर्ममध्ये भागीदार म्हणून माझं नाव आहे, व्यवहार मात्र सगळा तेच बघतात.

तिसरं, माहेरचा ओबीसी दाखला जळगावचा आहे. तो इथे राखीव जागेला चालेल का?

कोणाला खात्रीने माहीत असेल तर कृपया सांगा. ऐकीव माहितीवर फॉर्म भरून तो रद्द झाला तर ज्या बायका माझ्यासाठी धडपडताहेत त्यांना तोंड कसं दाखवू?

प्रतिसाद १
ताई, मामेभावाची चूक समजण्यासारखी आहे. पुण्याचा आणि बडोद्याचा कायदा मुळात एकच, १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि पुढे दोन्हीकडच्या दुरुस्त्याही वेगळ्या झाल्या. तिथलं कोणी काही सांगितलं तर "हे गुजरातचं का?" एवढं आधी विचारा.

जन्माचा खरा पुरावा म्हणजे जन्मनोंदणी. मुलगा जळगावात जन्मला असेल तर तिथल्या महापालिकेतून जन्मदाखल्याची ताजी नक्कल काढा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असेल तर तेही जपा. शाळेचा दाखला दुरुस्त करायला आजच अर्ज द्या. छाननीच्या दिवशी हरकत आलीच तर ही कागदं हातात असायला हवीत, नंतर आणून देते म्हटलेलं तिथे कोणी ऐकत नाही.

प्रतिसाद २
मला तुमच्या फर्मची जास्त काळजी वाटते. वर सांगितलेल्या १९४९ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष असो की अप्रत्यक्ष, हितसंबंध असला तर माणूस अपात्र ठरतो. तुम्ही हिशेब बघत नाही हा मुद्दाच तिथे नाही, नाव आहे एवढं पुरे. फॉर्म भरण्याच्या पुष्कळ आधी निवृत्तीपत्र करून भागीदारीतून बाहेर पडा. महापालिकेकडून बिलं यायची बाकी असतील तर ती यादी घेऊन निवडणुकीची कामं करणाऱ्या वकिलाकडेच जा. इथे पैसे वाचवू नका.

प्रतिसाद ३
दाखल्याचं सांगते. जळगावचा दाखला इथे राखीव जागेला चालणार नाही. मागास जातींची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते, आणि जात जन्माने ठरते, लग्नाने सासरची मिळत नाही. पण त्यावर अडू नका. २०२१ ला बडोद्यात १९ वॉर्ड आणि ७६ जागा होत्या, दर वॉर्डात चार, त्यातल्या दोन बायकांच्या. सर्वसाधारण महिला जागा बघा.

अपक्ष आहात म्हणून आणखी एक. मतदाराला चार मतं द्यायची असतात, पक्षवाले चौघांचं पॅनल एकत्र मागतात. तुम्ही घरोघर हे समजावून सांगा की चारांतलं एक मत मला द्या.

फॉर्म गुजरातीत असतो. 'दरखास्त मूकनार' म्हणजे सूचक, 'सोगंदनामुं' म्हणजे प्रतिज्ञापत्र. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं खरं लिहा, एकही रकाना कोरा ठेवू नका. वेरा, म्हणजे महापालिकेचा कर, थकला असेल तर आताच भरून पावती जपून ठेवा. मतदारयादीत नाव कुठल्या वॉर्डात आहे तेही बघून घ्या, पुरानंतर आमच्याकडची बरीच माणसं घरं बदलून गेली आहेत.

धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. भागीदारीचा मुद्दा इतका मोठा असेल असं वाटलंच नव्हतं. रात्रीच यजमानांशी बोलले. ते म्हणाले, नाव काढू, पण गेल्या नवरात्रातलं एक बिल अजून अडकलं आहे. सोमवारी वकिलांकडे जाते आहे. जळगावला भावाला फोन केला, तो उद्या सकाळीच नक्कल काढायला जातोय.

शाळेत आज गेले होते. जुनं रजिस्टर सापडलं, त्यात माझ्या सासऱ्यांच्या हातचा प्रवेशअर्ज आहे आणि त्यावर अक्षरांत लिहिलंय, अकरा जून. त्याची प्रमाणित प्रत मिळाली तर उपयोग होईल का?

प्रतिसाद १
होईल, ताई. मूळ अर्जात बरोबर आणि दाखल्यात चूक, म्हणजे ती उतरवताना झालेली चूक आहे हे त्यानेच दिसतं. प्रतीवर मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि तारीख घ्या.