मदत हवी आहे: सील बदललं तरी गाडी पुढून ऑइल गळतेच आहे!

ताडदेवचा_तात्या (धागाकर्ता)
जाणकारांनो, जरा लवकर सांगा. गाडी पुढून ऑइल गळतेय. मेकॅनिकने ऑइल अडवणारं रबरी सील बदललं, पैसे घेतले, आठवडा उलटायच्या आत पुन्हा तेच. आता म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल. सोसायटीत नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि सेक्रेटरींनी माझ्या जागेवरच्या डागाचा फोटो ग्रुपवर टाकलाय. रविवारी कोल्हापूरला निघायचंय. इंजिन खरंच उतरवावं लागतं का?

पाना_बारा
गाडी कुठली? साल? कुठलं सील बदललं? आणि ‘पुढून’ म्हणजे नक्की कुठून?

नवी_कोरी
१५ वर्षं झाली असतील तर स्क्रॅपला द्या. नाहीतरी बंदीच येणार आहे. मी हायब्रीड घेतली, झंझट संपली.

सरळमार्गी
@नवी_कोरी, तो नियम दिल्लीचा. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं. आपल्याकडे आरटीओत पासिंग करून, हरित कर भरून ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. उगाच घाबरवू नका लोकांना.

मोबिल_मामा
२०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाका. जुन्या इंजिनला पातळ ऑइल सोसत नाही. माझी प्रीमियर पद्मिनी याच ऑइलवर शेवटपर्यंत पळाली.

ताडदेवचा_तात्या
अहो, मारुती एस्टीम आहे, २००४ ची. पुढून म्हणजे पुढून! बॉनेट उघडलं की दिसतं. सील कुठलं ते त्यालाच माहीत, ‘पुढचं सील’ म्हणाला. हायब्रीडचं दुसऱ्या धाग्यावर बोला.

पाना_बारा
अहो, तिथेच तर घोळ आहे. या गाडीत इंजिन आडवं बसवलंय. मेकॅनिक ‘पुढचं’ म्हणतो ती क्रँक (इंजिनचा खालचा मुख्य दांडा) पुलीची, म्हणजे क्रँकवरून वरच्या कॅमशाफ्टला फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टची बाजू. ती ड्रायव्हरच्या चाकाकडे येते. तुमचं ‘पुढे’ म्हणजे रेडिएटरची बाजू. दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल बोलत असाल तर हवी तेवढी सीलं बदला, गळती थांबायची नाही. रात्री खाली पुठ्ठा टाका आणि थेंब कुठल्या चाकाजवळ पडतो ते सांगा. पॉवर स्टीअरिंगवाली आहे का? तिचं तेलही त्याच भागात गळतं आणि काळं पडलं की इंजिन ऑइलच वाटतं.

गृहिणी_गॅरेज
पेव्हर ब्लॉकच्या डागावर आधी लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवा. सकाळी झाडून घ्या आणि कपड्यांची पावडर टाकून ताठ ब्रशने घासा. आधी पाणी ओतू नका, डाग पसरतो.

ताडदेवचा_तात्या
पॉवर स्टीअरिंग नाही. थेंब उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला पडतो. भुशाबद्दल आभार, पण प्रश्न तो नव्हता.

पाना_बारा
म्हणजे बेल्टचीच बाजू. आता नीट वाचा. ऑइल खाली वाहतं आणि पंख्याच्या, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे उडतं. त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असते असं अजिबात नाही. ओल सगळ्यात वर कुठे सुरू होते ते शोधायचं. त्या बाजूला वरून खाली चार संशयित आहेत: टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट, कॅमशाफ्टचं सील, क्रँकचं सील आणि ते क्रँकचं सील ज्यात बसतं त्या ऑइल पंपाच्या बॉडीचं गॅस्केट. बाकीच्या तिन्ही ठिकाणचं तेलही शेवटी खालच्या पुलीवरूनच ठिबकतं, म्हणून दरवेळी बिचाऱ्या क्रँक सीलवर आळ येतो.

थंड इंजिन डीग्रीझरने धुवा. इलेक्ट्रिकच्या जागांवर आधी पिशवी बांधा. पूर्ण वाळू द्या, टॅपेट कव्हरच्या कडेला टाल्कम पावडर मारा आणि २०-३० किलोमीटर फिरवून आणा. पावडर भिजली तर कव्हरचं गॅस्केट. कोरडी राहिली तर इंजिन बंद करून बेल्टचं वरचं कव्हर खोला, कॅम पुलीच्या मागे टॉर्च मारा. यातल्या एकाही कामाला इंजिन उतरवावं लागत नाही.

निवृत्त_फोरमन
त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारी झडप, बघा. तो चोकअप झाला की क्रँककेसमध्ये, म्हणजे त्या पोटात, प्रेशर साठतं आणि चांगलं सीलही तेल सोडतं. इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायच्या झाकणाच्या जागी कागद धरा. कागद हलका ओढला गेला तर ठीक. बाहेर फेकला गेला तर व्हॉल्व्ह तरी बंद आहे, नाहीतर पिस्टन रिंग गेल्यात. रिंग गेल्या असतील तर मेकॅनिक इंजिन उतरवायचं म्हणतो ते खोटं नाही.

मोबिल_मामा
एवढे उद्योग कशाला? जाड ऑइल आणि लीक-स्टॉपची एक बाटली. काम तमाम.

पाना_बारा
मामा, रबर कडक होऊन चिरलं की जाड ऑइल गळायचं थांबत नाही, फक्त सावकाश गळतं. आणि थंड इंजिन सुरू करताना ते वर कॅमपर्यंत पोचायला वेळ लागतो, तो वेगळाच ताप. बाटलीने सील फुगतं आणि थोड्या दिवसांनी मऊ पडतं.

मोबिल_मामा
माझी पद्मिनी तुम्ही पाहिली नव्हती.

पाना_बारा
पद्मिनीत टायमिंग बेल्ट नव्हता मामा, चेन होती. चेनला तेल लागतंच. बेल्टला लागलं की बेल्ट जातो.

ताडदेवचा_तात्या
अपडेट. कागद आत ओढला गेला. पावडर कोरडी. दुसऱ्या एका कारागिराकडून वरचं कव्हर खोलून घेतलं. कॅम पुलीच्या मागे चिकट ओल आहे आणि तिथून ओघळ थेट खाली आलाय. क्रँकचं सील नवंकोरं दिसतंय. बेल्टची खालची कड तेलाने काळी आहे. पहिल्याने बेल्ट काढला होता म्हणजे त्याला हे दिसायला हवं होतं ना?

पाना_बारा
दिसलं असणारच! क्रँक सीलसाठी बेल्ट काढावाच लागतो. बेल्ट हातात असताना कॅमचं सील बदलायला फक्त एक पुली जास्त खोलायची होती. वर तेलकट बेल्ट पुन्हा चढवला, हे तर कमालच आहे.

आता कॅमचं सील, बेल्ट आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर एकदमच करा. वॉटर पंप जुना असेल तर तोही. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका. नवं सील बसवताना त्याच्या ओठाला (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेला) तेल लावा, स्प्रिंगची बाजू आत आणि सीलच्या मापाचा पाइप किंवा सॉकेट लावून सरळ ठोका. शाफ्टवर सीलने खाच पाडली असेल तर किंचित कमी खोल बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. सिलिकॉन थापू देऊ नका, त्याचे तुकडे आत पडून ऑइलच्या जाळीत अडकतात.

सरळमार्गी
सील ऑपेरा हाऊसला बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल फार, रबर तिथून नको. एस्टीम २००७ ला बंद झाली तरी काळजी नको, याच घराण्यातलं इंजिन जिप्सीतही होतं.

ताडदेवचा_तात्या
बरं. पण रविवारी याच बेल्टवर कोल्हापूर करून आलो आणि मग काम केलं तर?

निवृत्त_फोरमन
तेल प्यालेला बेल्ट खंडाळ्याच्या घाटात तुटला तर टोइंगमध्ये बेल्टचे पैसे कितीदा तरी निघतील. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट बघा.

नवी_कोरी
हायब्रीडची टेस्ट ड्राइव्ह हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.